गोचीड ताप (कुत्री व मांजरे)

गोचिडीच्या चाव्यातून पाळीव कुत्र्यांना होणारा जिवाणुजन्य रोग. मांजरांत तो कमी आढळतो. मुख्य कारण एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू. त्याची पहिली नोंद १९३५ मध्ये अल्जीरियात झाली. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराची अनेक कुत्री या रोगाने दगावली.

त्याचा प्रसार करणारी तपकिरी गोचीड कोरड्या हवेत चांगली तग धरते, त्यामुळे नांदगावसारख्या (जि. नाशिक) कमी पावसाच्या तालुक्यात वाड्या-वस्त्यांवरची व मेंढरांमागे फिरणारी कुत्री तिच्या तावडीत सहज सापडतात. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी अंगावरून गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे हजारांवर अंडी घालते. म्हणूनच नुसते कुत्रे धुऊन भागत नाही. त्याची बसायची जागाही साफ करावी लागते.

ताप, खाणे सोडणे, पोटावर लाल ठिपके, नाकातून रक्त ही लक्षणे. रक्तातील बिंबाणू घटतात. दुर्लक्ष झाल्यास रोग महिनोन्‌महिने दबून राहतो व शेवटी अस्थिमज्जा निकामी करतो. वेळीच डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यास बहुतेक कुत्री वाचतात. मात्र चार दिवसांत जनावर उड्या मारू लागले, तरी सुमारे चार आठवड्यांचा क्रम पुरा करावाच. बॅबेसिया या परजीवीच्या आजारालाही गोचीड ताप म्हणतात, पण तो जिवाणूचा नाही व त्याचे औषध वेगळे, म्हणून रक्ततपासणी हवी.

गोचिडी मारण्याचे कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला कधीही लावू नये. ते त्याच्या जिवावर बेतते.