अद्भुतरम्य कादंबरी, मराठी

राजकुले, सिंहासनासाठीची कारस्थाने, अपहरणे, योगायोग आणि अतिमानवी शक्ती यांवर उभारलेला कथनप्रकार. आज तरुण वाचक इंग्रजीतून ज्या जादूच्या राज्यांत रमतो, त्यांच्याशी याचे नाते जवळचे आहे.

लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) ही या प्रकारातील पहिली महत्त्वाची कृती. त्यांची ‘रत्नप्रभा’ (१८६६) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांनी ती वाट रुळवली. संस्कृत कथा, अरबी-फारसी गोष्टी आणि नीतिबोधाची हौस यांचे हे मिश्रण. पात्रे सद्गुणांचे वा दुर्गुणांचे पुतळेच वाटतात, वर्णने पाल्हाळीक. तरी वाचनाची गोडी लावण्याचे श्रेय या कादंबऱ्यांना द्यावेच लागते.

हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिती’नंतर (१८८५) वास्तववादी कादंबरीला प्रतिष्ठा मिळाली व अद्भुताची पीछेहाट झाली. पण अद्भुतरम्य कादंबरीचा वाचक संपला नव्हता, हे नाथमाधव (द्वारकानाथ माधव पितळे, १८८२–१९२८) यांच्या ‘वीरधवल’ने (१९१३) सिद्ध केले. रहस्य, शौर्य आणि अद्भुत यांची तिची वीण हळब्यांपेक्षा कितीतरी वेगवान आहे. कुमारवयीनांच्या पुढच्या पिढ्यांनीही ती आवडीने वाचली.

वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ या निबंधात (१९०२) अद्भुत व वास्तव या भेदाची चर्चा केली. नंतरच्या समीक्षेने मात्र या प्रकाराला बालिश ठरवून बाजूला सारले, ते अन्यायाचे होते.