टास्कबारचा कोपरा कुणाचा? सिस्टिम ट्रेमधील आयकॉन लपवण्याचा इतिहास

विंडोज असलेल्या संगणकाच्या पडद्याचा खालचा उजवा कोपरा पाहा. घड्याळ, आवाज आणि इंटरनेट यांच्या शेजारी आणखी काही लहान आयकॉन दिसतील. त्यांतले कित्येक तुम्ही मागितलेले नसतात. प्रिंटर, अँटिव्हायरस किंवा एखादे गप्पांचे अ‍ॅप घेतले, की त्याच्यासोबत ते येतात. ते लपवण्याची कृती दोन मिनिटांत शिकता येते आणि ती या टिपणात पुढे दिली आहे. त्याआधी एक प्रश्न समजून घेऊ. सर्वांच्या नजरेसमोरच्या जागेत कोणी दिसावे, हे कोणी ठरवायचे?

चंदीगडचे उदाहरण

हा प्रश्न संगणकाच्या आधी शहरांना पडला होता. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाबला नवी राजधानी हवी झाली. ल कॉर्बुझिए यांनी १९५१ पासून चंदीगडच्या आराखड्यावर काम केले; ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते शहराचे उद्घाटन झाले. सेक्टरांना वेढणाऱ्या वेगवान रस्त्यांवर कोणत्याही घराचे दार उघडणार नाही, हे आराखड्याचे एक तत्त्व होते. राजधानीच्या विकासासाठी १९५२ मध्ये कायदा झाला आणि त्याच्या आधारे १९५४ मध्ये जाहिरात नियंत्रण आदेश निघाला. परवानगीवाचून जाहिरातीचा फलक लावण्यास त्याने मनाई केली. जाहिरातींवर कारवाई करताना चंदीगडचे प्रशासन आजही याच आदेशाचा आधार घेते.

यामागचा विचार साधा आहे. प्रत्येक दुकानदाराला आपला फलक सर्वांत आधी दिसावा असे वाटते, आणि त्यात त्याची चूक नाही. पण सगळेच तसे करू लागले की एकही फलक नीट दिसत नाही. म्हणून दर्शनी भागावर कोणाचा तरी अधिकार मान्य करावा लागतो.

१९९५ : सर्वांना खुला कोपरा

२४ ऑगस्ट १९९५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ बाजारात आणले. त्यात टास्कबार प्रथमच आला आणि त्याच्या टोकाला घड्याळाजवळ 'नोटिफिकेशन एरिया' आला. लोक त्याला 'सिस्टिम ट्रे' म्हणू लागले. कल्पना चांगली होती. छपाई चालू आहे, टपाल आले आहे, बॅटरी उतरली आहे, असे काही सांगायचे असेल तर तिथे खूण उमटावी.

पण कोणत्याही प्रोग्रामला तिथे आयकॉन ठेवण्याची सोय होती आणि वापरकर्त्याला विचारण्याचे बंधन नव्हते. त्यामुळे सांगण्यासारखे काही नसतानाही प्रोग्राम तिथे कायमचे बसू लागले. थोडा हिशेब करा. असा आयकॉन १६ पिक्सेल रुंद असे आणि त्या काळच्या अनेक पडद्यांची रुंदी ६४० पिक्सेल होती. दहा आयकॉन झाले की पडद्याच्या रुंदीचा चौथा हिस्सा गेला, आणि खिडक्यांच्या बटणांना तितकीच जागा कमी उरली.

२००१ ते २००९ : अधिकार वापरकर्त्याकडे

ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने न वापरलेले आयकॉन आपोआप लपवायला सुरुवात केली. लपलेले आयकॉन एका लहान बाणामागे जात. एखादा आयकॉन नेहमी दिसावा की नेहमी लपावा, हेही वापरकर्त्याला ठरवता येई. तरीही नवा आयकॉन आधी समोर येई आणि मग मागे जाई.

ऑक्टोबर २००९ मधील विंडोज ७ ने हा क्रम उलटवला. आवाज, नेटवर्क असे प्रणालीचे मोजके आयकॉन समोर राहिले. बाकीचे सुरुवातीपासूनच बाणामागच्या कप्प्यात गेले. हवा तो आयकॉन वापरकर्त्याने ओढून बाहेर आणावा, अशी सोय झाली. स्वतःला बाहेर आणण्याचा अधिकृत मार्ग प्रोग्रामला मुद्दामच दिला नाही, कारण तो दिला असता तर प्रत्येकाने वापरला असता. चंदीगडच्या फलकांचा न्याय इथे लागू झाला, पण परवानगी देणारा अधिकारी झाला खुद्द वापरकर्ता.

लिनक्सच्या जगात वेगळा निर्णयही झाला. ग्नोम डेस्कटॉपने २०१७ च्या ३.२६ आवृत्तीत जुना ट्रे काढूनच टाकला. ज्यांचे काम त्या आयकॉनांवर अवलंबून होते, त्यांना वेगळे एक्स्टेन्शन बसवावे लागले. म्हणजे इथे निवड वापरकर्त्याऐवजी डेस्कटॉप घडवणाऱ्यांनी केली.

आज काय करावे

विंडोज ११ मध्ये टास्कबारवर उजवे क्लिक करा, 'टास्कबार सेटिंग्ज' उघडा आणि 'अदर सिस्टिम ट्रे आयकॉन्स' या भागात नको त्या आयकॉनचे बटण बंद करा. मूळचे बोलीतले 'सिस्टिम ट्रे' हे नाव आता सेटिंग्जमध्येही आले आहे, हेही लक्षात घ्या.

मात्र लपवणे आणि बंद करणे यांत फरक आहे. आयकॉन लपला तरी प्रोग्राम चालूच राहतो, मेमरी वापरतो आणि इंटरनेटशी बोलतो. तो संगणकासोबत सुरू होऊ नये असे वाटत असेल, तर टास्क मॅनेजरमधील 'स्टार्टअप'च्या यादीत त्याला बंद करा. नकोच असेल तर काढून टाका.

काही आयकॉन मात्र समोर असलेले बरे. अँटिव्हायरसची सूचना दृष्टिआड झाली तर धोका उशिरा कळतो. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी भाषेची खूण तितकीच कामाची आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर 'के'च्या कळीने 'क' उमटतो, पण 'एच'च्या कळीने 'प' उमटतो. कोणती भाषा चालू आहे हे दिसत नसेल, तर अर्धी ओळ चुकल्यावरच ते लक्षात येते.

स्वाध्याय : तुमच्या संगणकाच्या ट्रेमधील प्रत्येक आयकॉनची नोंद करा. तो कोणी आणला, तो काय सांगतो आणि त्याची सूचना तुम्हाला शेवटची कधी उपयोगी पडली, ते लिहा. मग कोणता समोर ठेवायचा, कोणता लपवायचा आणि कोणता प्रोग्राम बंदच करायचा, हे कारणासह ठरवा.