मोड, जुनेर, रद्दी

घरातली वस्तू 'टाकून देणे' हे आपल्याकडे तसं अलीकडचं असावं. म्हणजे बघा, भांडं जुनं झालं की ते मोडीत जायचं, लुगडं विटलं की त्याचं जुनेर व्हायचं, कागद रद्दीत जायचा, आणि ज्याचं काय करायचं ते ठरत नसे ती अडगळ. ती माळ्यावर. शेवटची वाट सोडली तर प्रत्येक वाटेच्या टोकाला कुणीतरी पैसे नाहीतर दुसरी वस्तू घेऊन उभं असायचं.

आईच्या घराची इमारत पुनर्विकासाला जाते आहे, त्यामुळे पन्नास वर्षांचा संसार आवरणं चालू आहे. (भावंडं रोज फोनवर ऐकतच आहेत!) आवरता आवरता हे शब्द डोक्यात घोळत राहिले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी मोड. तांब्यापितळेच्या दुकानात जुनं भांडं तराजूत पडायचं, घट वजा व्हायची आणि उरलेल्या वजनाची किंमत नव्या भांड्याच्या किमतीतून कापली जायची. घडणावळ वेगळी. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत हा व्यवसाय पेशवाईपासून चालत आलेला. थोडक्यात, हंडा-घागर ही नुसती भांडी नव्हती, ती धातूच्या रूपातली शिल्लक होती. अडीअडचणीला गहाण पडायची, सुटून परत यायची. भांड्यांवर नाव घालत ते लग्नकार्यात शेजारीपाजारी गेलेली भांडी ओळखू यावीत म्हणून. मोडीत घातलं की नावही वितळायचं.

ही साखळी तुटली ती स्टेनलेस स्टीलमुळे. १९६० नंतर हळूहळू आणि १९७०-८० च्या दशकांत झपाट्याने शहरी मध्यमवर्गीय स्वयंपाकघरातून पितळ बाहेर पडलं. आज तांब्याच्या तांब्याची किंमत पाहून लोक हळहळतात, 'काय वेड्यासारखं दिलं आपल्या लोकांनी!' मला हे अजिबात पटत नाही. पितळेच्या पातेल्यात ताक किंवा आमटी राहिली की कळकायची. कल्हईवाल्याची वाट बघायची, मग त्याचा भाता, कथील, नवसागराचा तो धूर... आणि रोज चिंचेने, राखेने घासायचं कुणी? ज्यांनी घासली त्यांनीच ती मोडीत काढली आणि त्यांना त्यात दुःख झालं असेल असं मला तरी वाटत नाही. निदान आमच्या आईला झालं नाही. गॅस आल्यावर लाकडं-कोळशावर तापणारा तांब्याचा बंबही बाथरूममधून निघाला. तो आमच्याकडे अजून आहे, त्यात छत्र्या ठेवलेल्या असतात.

दुसरी वाट बोहारणीची. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं गाठोडं. कपडे द्या, भांडं घ्या. ह्या कामात मुख्यतः गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या बायका. त्यांची घासाघीस हा आमच्या लहानपणी दुपारचा करमणुकीचा कार्यक्रम असे. 'ताई, ह्या पँटीला भोक आहे', 'अगं मग त्या साडीचं काय?' असं तासभर चालायचं आणि शेवटी एक स्टीलचा डबा घरात यायचा. गंमत वाटते, पण त्यात एक अर्थशास्त्र होतं. ज्या बाईच्या हातात रोख पैसा नसे, तिला कुणालाही न विचारता करता येणारी ती एकमेव खरेदी होती. घरातले कितीतरी डबे असे नवऱ्याच्या शर्टांतून आलेले!

बोहारीण नेलेले कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून पुन्हा विकायची. न विकण्याजोगे चिंधीत. लोकरीच्या चिंध्यांची पुढची गोष्ट तर हरियाणात जाते. तिथे देशोदेशीचे जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढतात आणि स्वस्त ब्लँकेटं विणतात. गावाचं नाव पानिपत. आपण मराठी माणसं ते नाव निराळ्याच कारणासाठी घेतो, पण त्याकडे येतेच. जरीच्या साड्यांना मात्र वेगळं गिऱ्हाईक होतं. जुनी जर घेणारे दारावर यायचे, साडी जाळून जरीतली चांदी काढली जायची. किती शालू-पैठण्या अशा गेल्या असतील त्याची गणतीच नाही.

आता रद्दी. ह्या बाबतीत आपला इतिहास खरोखर थोडक्यात वाचलेला आहे. जुन्या घरांत मोडी कागदांचे रुमाल असत, म्हणजे फडक्यात बांधलेली दप्तरं. १८१८ मध्ये पेशवाई गेली तरी ते जपले गेले, कारण इनाम, वतन, जमीन ह्यांचा पुरावा तोच. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि हक्क तपासले जाऊ लागले, तेव्हा तर हे कागद म्हणजे घराचा प्राण होते. पुढे एकेक प्रकरण निकालात निघालं आणि रुमाल माळ्यावर चढले. वाळवी, उंदीर, वाण्याच्या पुड्या, असा त्यांचा शेवट.

वि. का. राजवाडे ह्याच काळात गावोगाव हिंडले. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यातली १७५० ते १७६१ ची पत्रं वाईतल्या एका घरात पडून असलेल्या कागदांतली. पानिपताविषयी आपल्याला आज जे कळतं, त्यातलं बरंच काही अशा कुणाच्या तरी माळ्यावर पडलेलं होतं! १९१० मध्ये राजवाड्यांच्याच पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, त्यानंतर कागदांना जायला एक जागा तरी झाली.

उरलेल्या कागदांवर दोन घाव नंतर पडले. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, परगणा-कुलकर्णी वतनं १९५० च्या. म्हणजे पुरावा म्हणून कागदाचं काम संपलं. त्याच सुमारास शाळांतून मोडी उठली, म्हणजे वाचणाराही संपला. घरातलीच अक्षरं घरातल्यांना परकी. मग रद्दी म्हणायला काय हरकत? शिवाय पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतल्या घरांची आवराआवर नदीनेच केली. आमच्या नात्यात अजूनही कुठल्याही हरवलेल्या वस्तूवर 'पुरात गेलं' हे एकच उत्तर आहे. (ती वस्तू १९७० साली घेतलेली असली तरी!)

पण सगळे काही देऊन मोकळे होत नव्हते. दिनकर केळकर नावाचे कवी ('अज्ञातवासी' ह्या नावाने लिहीत) १९२० च्या सुमारापासून लोकांच्या माळ्यावरचं गोळा करत होते. दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती, कुलपं, खेळणी, म्हणजे जे कुणीच इतिहास मानत नव्हतं तेच. लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये ते महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. तिथले अडकित्ते बघताना मला नेहमी वाटतं, ह्या प्रत्येकामागे एक घर आहे, जिथे कुणीतरी म्हणालं असेल, 'न्या हो, पडूनच आहे.'

माळा गेला तो वाड्यांबरोबर. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांनी डागडुजी सोडली आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत वाड्यांच्या जागी फ्लॅट आले. फ्लॅटमध्ये लॉफ्ट असतो, त्यात लग्नात आलेले लेमन सेट राहतात. आता तेही निघताहेत, आणि घेणारं कुणी नाही. आमच्याकडे निघालेली यादी वानगीदाखल: जाड काचेचा टीव्ही, व्हिडिओ कॅसेटी, चार मिक्सरची भांडी (मिक्सर एकही नाही), बांधून ठेवलेले दिवाळी अंक. कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत पुण्यात १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्या नावातच बघा, कशाला किंमत आहे ते लिहिलेलं आहे. आमच्या यादीतलं त्यात बसतं ते फक्त दिवाळी अंक, आणि नेमके तेच आई देत नाही.

ट्रंकेत मोडी कागदही निघाले. दादा म्हणाला, रद्दीत घाल. मी एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडून वाचून घेतले. बहुतेक कर्जरोखे. एक मात्र वाटणपत्र आहे, शके १७९८ चं, म्हणजे १८७६-७७ चं. दोन भाऊ वेगळे निघाले त्याचं. त्यात जमीन चार ओळींत संपते आणि भांडी दीड पान आहेत. हंडे दोन, घागरी तीन, परात एक, पळी-पंचपात्र, आणि सगळ्यात शेवटी 'कळशी फुटकी १'. ती धाकट्याकडे गेली. आपण त्या धाकट्याच्या शाखेतले. त्यातलं एकही भांडं आज घरात नाही, यादी तेवढी आहे.

तर, वाटणपत्र मी ठेवते आहे. छायाप्रत हवी असेल त्याने कळवावं. बंब धाकट्या आत्याच्या सुनेने मागितला आहे, ती त्यात झाड लावणार म्हणते. गोधड्या तीन आहेत, त्यातली हिरव्या काठाची कुणी मागू नये. स्टीलच्या डब्यांबद्दल अजून कुणीच काही बोललेलं नाही. सव्वीस आहेत, किल्ल्या दिवाळीनंतर द्यायच्या आहेत.