पेटंटांचा शोध व ग्रंथालयसेवकांचें शिक्षण

दप्तर जतन झालें म्हणजे तें अभ्यासकास उपलब्ध झालें, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो किती फोल आहे हें इंग्लंडांतील पेटंटांच्या इतिहासावरून चांगलें दिसून येतें. पेटंट म्हणजे नवी युक्ति काढणारास ठराविक मुदतीपुरती मिळणारी सनद. तिच्या मोबदल्यांत युक्तीचें वर्णन सरकारदप्तरीं दाखल करण्याची वहिवाट अठराव्या शतकांत पडली. इ. स. १८५२ पूर्वीं हीं वर्णनें लंडनच्या तीन निरनिराळ्या कचेऱ्यांत चर्मपत्रांच्या गुंडाळ्यांवर नोंदलीं जात. दप्तर होतें, परंतु सर्वांस उपयोगी पडेल अशी छापील विषयसूचि नव्हती. त्यामुळें आपली युक्ति पूर्वींच कोणी नोंदविली आहे काय, हें गरीब कारागिरास कळणें दुरापास्त होतें. आणि जुन्याच शोधावर पैका व आयुष्य खर्ची पडण्याचें भय असे.

ही अडचण बेनेट वुडक्रॉफ्ट (१८०३–१८७९) यानें दूर केली. हा स्वतः कापडधंद्यांतला व यंत्रशोधक. त्यानें १६१७ ते १८५२ पर्यंतच्या १४,३५९ सनदांस अनुक्रमांक देऊन कालानुक्रम, सनददारांचीं नांवें व विषय अशा निरनिराळ्या सूची रचल्या. त्या १८५४ च्या सुमारास छापून निघाल्या, आणि ५ मार्च १८५५ रोजीं पेटंट कचेरीचें ग्रंथालय सर्वांस खुलें झालें.

परंतु सूचि झाली तरी ती वापरावयास शिकवावी लागते. जेम्स वॅट याची ५ जानेवारी १७६९ ची सनद घ्या. तिचा क्रमांक ९१३; पण हा आंकडा वुडक्रॉफ्टनें मागाहून दिलेला. मूळ गुंडाळ्यांत तो शोधणारा सेवक रित्या हातानें परत येईल. दुसरें असें कीं, तिच्या शीर्षकांत 'स्टीम एंजिन' हा शब्दप्रयोगच नाहीं. 'फायर एंजिन' असा आहे. आज त्याचा अर्थ आगीचा बंब असा होतो! हिंदुस्थानांतही तेंच. १८५६ च्या व १८५९ च्या कायद्यांत शोधकाच्या हक्कास 'एक्स्क्लूझिव्ह प्रिव्हिलेज' म्हटलें आहे. त्या काळचे कागद केवळ 'पेटंट' या शब्दाखालीं धुंडाळणें व्यर्थ होय. पेशवाईच्या पत्रांत 'मोंगल' म्हणजे पुष्कळदां निजाम, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस याचें मर्म निराळें सांगावयास नको.

म्हणून ग्रंथालयसेवकास प्रथम एक परिचित सनद देऊन ती नांवावरून, सालावरून व विषयावरून, अशी तीन वाटांनीं काढावयास लावावी. नंतर त्याच वस्तूचीं त्या काळचीं नांवें जमवावयास सांगावें. शेवटीं वर्गीकरण शिकवावें. कारण शब्द बदलतात, वर्ग पुष्कळ अंशीं टिकतो. १९७१ च्या स्ट्रासबर्ग करारानें पेटंटांचें आंतरराष्ट्रीय वर्गीकरण स्थापिलें तेंही याच गरजेपोटीं. आज संगणक क्षणांत लक्षावधि सनदा चाळतो. परंतु चुकीचा शब्द दिल्यास तोही तितक्याच त्वरेनें 'नाहीं' म्हणतो, आणि तें 'नाहीं' खरें मानण्यांत मोठा धोका आहे.

असो. आपल्या संग्रहांतील रुमालांचीही हीच स्थिति आहे. कागद वाळवीपासून वांचविणें हें अर्धें कार्य होय. त्यांची सूचि करणें व ती चालविणारा जाणता मनुष्य तयार करणें हें उरलेलें अर्धें. आणि तें झाल्यावांचून पहिल्या अर्ध्याचें फळ कोणाच्याही हातीं लागत नाहीं.