कुकीची कुळकथा

मागच्या उन्हाळ्यात आई इकडे आली होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी तिने माझ्या लॅपटॉपवर गुडघ्याला बांधायचे पट्टे बघितले. घेतले काही नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या पावसाच्या बातम्या वाचत होती, तर बातमीच्या कडेला तेच पट्टे! "अरे, ह्यांना कोणी सांगितलं माझे गुडघे दुखतात ते?" मी पडलो आयटीवाला. "आई, ती कुकी असते," असे सांगून मोकळा झालो. तिचे अर्थातच समाधान झाले नाही. खरे उत्तर द्यायचे तर १९९४ पर्यंत मागे जावे लागते.

वेबचा मूळ स्वभाव विसराळू. तुम्ही पान मागितले, सर्व्हरने दिले, ओळख संपली. पुढचे पान मागायला गेलात की पुन्हा परके. नुसते वाचायला हे ठीक, पण दुकान चालवायचे तर पंचाईत. टोपलीत टाकलेली वस्तू कोणाची? एमसीआय ही टेलिफोन कंपनी नेमकी हीच अडचण घेऊन नेटस्केपकडे आली. गिऱ्हाइकांच्या अर्धवट खरेदीच्या नोंदी तिला स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायच्या नव्हत्या. लू माँटुली ह्या विशीतल्या इंजिनियरने तोडगा काढला: एक छोटी चिठ्ठी गिऱ्हाइकाच्याच ब्राउझरमध्ये ठेवायची आणि पुढच्या खेपेला ब्राउझरने ती परत दाखवायची. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, तसेच. युनिक्सवाले अशा चिठ्ठीला 'मॅजिक कुकी' म्हणत, त्यावरून हे नाव. ऑक्टोबर १९९४ मध्ये नेटस्केपचा पहिला ब्राउझर आला, त्यातच कुकी होती. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे आपल्या आधी कुकी हजर!

माँटुलीने एक खबरदारी घेतली होती. प्रत्येक ब्राउझरला सगळीकडे चालेल असा एकच क्रमांक देणे सोपे होते. त्याने ते मुद्दाम टाळले. एका साइटची चिठ्ठी दुसरीला वाचता येत नाही. मग आईचे गुडघे बातमीवाल्यांना कसे कळले? कळलेच नाहीत. पानावरची जाहिरात तिसऱ्याच कंपनीकडून येते आणि ती आपली चिठ्ठी ठेवते. दुकानाच्या पानावर ती, बातमीच्या पानावरही तीच. दोन्हीकडे एकच बिल्ला दिसला की झाले.

हे कोणाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये 'फायनान्शियल टाइम्स'ने बातमी छापली आणि लोकांना कुकी प्रथम कळली. फेब्रुवारी १९९७ च्या आरएफसी २१०९ ह्या नियमावलीत, जिचा एक लेखक खुद्द माँटुली होता, अशा तिऱ्हाईत कुकीज मुळातच बंद असाव्यात असे म्हटले होते. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांनीही ते मानले नाही. माँटुलीचे नंतरचे म्हणणे असे, की बंदी घातली असती तर जाहिरातवाल्यांनी न दिसणारी वाट शोधली असती. कुकी निदान बघता येते, पुसता येते. मला हे निम्मेच पटते. पुसता येते, पण आईला ते कोण सांगणार?

१९९९ मध्ये डबलक्लिक ह्या जाहिरात कंपनीने अबॅकस डायरेक्ट विकत घेतली. तिच्याकडे कॅटलॉगवरून खरेदी करणाऱ्यांची नावे-पत्ते होते. बिल्ल्याला नाव चिकटणार म्हटल्यावर मात्र गदारोळ उठला, फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार गेली आणि मार्च २००० मध्ये कंपनीने बेत गुंडाळला. २००८ मध्ये डबलक्लिक गूगलची झाली. पुढे फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्या तिऱ्हाईत कुकीज आणि सफारीने २०२० मध्ये सगळ्याच तिऱ्हाईत कुकीज आपणहून अडवल्या. गूगलनेही २०२० मध्ये क्रोममधून त्या काढण्याची घोषणा केली आणि २०२४ मध्ये ती मागे घेतली. तेव्हा क्रोमवाल्यांनी सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली स्वतःच त्या ब्लॉक कराव्यात. आणि लायब्ररीतल्या संगणकावरून उठताना साइन आउट करावेच, कारण तुमचे लॉगिन म्हणजेही एक कुकीच. पुढच्या माणसाच्या हाती तुमचा बिल्ला कशाला?

आईसमोर बसून मी हे सगळे केले, जुन्या कुकीज पुसल्या. पट्टे गेले. दोन दिवसांनी ती म्हणाली, "अरे, त्यातला निळा बरा होता. आता तो परत कुठे शोधू?"