बालकांतील धोक्याची लक्षणे

आजारी मुलाला घरी ठेवून चालणार नाही, त्याला तातडीने दवाखान्यात न्यायला हवे, हे दाखवणाऱ्या खुणा. त्या ओळखण्यासाठी रोगाचे निदान करावे लागत नाही. आई, आजी, आशाताई किंवा अंगणवाडीसेविका यांनाही त्या पाहता येतात. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास बालआजारांसाठी एकात्मिक कार्यपद्धती आखली. भारताने ती स्वीकारताना जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्याचाही तीत समावेश केला. मुलाचे पिणे, श्वास आणि शुद्ध यांवर या पद्धतीचा भर असतो. ताप १०३° फॅ. असूनही पाणी पिणारे व ताप उतरताच खेळू लागणारे मूल सहसा कमी धोक्यात असते; बेताच्याच तापात मलूल पडलेले मूल अधिक धोक्यात असू शकते.

प्रमुख लक्षणे : दोन महिने ते पाच वर्षे या वयात चार लक्षणे मुख्य मानली जातात : अंगावर न पिणे किंवा काहीच पिऊ न शकणे, पोटात गेलेले सर्व उलटून पडणे, झटके (आकडी) येणे आणि सुस्ती किंवा बेशुद्धी. यांपैकी एकही पुरेसे असते. यांखेरीज श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, ओठ व जीभ निळसर होणे, मान ताठणे, शौचातून रक्त पडणे, जुलाबात डोळे खोल जाणे आणि सहा ते आठ तास लघवी न होणे हीही धोक्याची चिन्हे होत.

दोन महिन्यांखालील बाळाबाबत वाट पाहू नये. काखेतील तापमान ३७.५° से. किंवा अधिक असणे, अंग गार पडणे, दूध न ओढणे, हालचाल मंदावणे किंवा पहिल्याच दिवशी कावीळ दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी तपासणी आवश्यक असते.

श्वासाची मोजणी : न्यूमोनियाची शंका घड्याळ लावून घेता येते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात. दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्ष ५० आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा त्याहून अधिक श्वास भरल्यास ते जलद मानतात. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील आरोग्यसेवक व दाई यांना न्यूमोनिया ओळखून औषध देण्याचे प्रशिक्षण दिले. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नाहीत, त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ व मणी असलेले साधन तयार केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. या प्रयोगामुळे बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

नागपूर व विदर्भातील संदर्भ : काही आजारांत हाती वेळ फार थोडा असतो. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूर परिसरातील दोन तापाच्या रुग्णांच्या रक्तात सापडला व तेथील स्थळावरून त्याला नाव मिळाले. वालुमाशीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूमुळे ताप, उलट्या, झटके व बेशुद्धी असा क्रम काही तासांत उलगडतो. मृत्यू एकदोन दिवसांतही ओढवतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेशातील उद्रेकात ३२९ मुले आजारी पडली, त्यांपैकी १८३ दगावली. २००७ मध्ये नागपूर विभागातील मुलांतही या मेंदूज्वराची साथ आली. यावर विशिष्ट औषध वा लस प्रचलित नाही. झटके व मेंदूची सूज यांवर वेळीच उपचार हाच आधार असतो.

विदर्भात सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. अशा मुलास ताप येणे, ते अचानक पांढुरके पडणे किंवा पोटाच्या डाव्या बाजूस प्लीहा फुगणे ही तातडीची बाब समजतात. डेंग्यूत ताप उतरू लागतानाच पोटदुखी, सततच्या उलट्या किंवा रक्तस्राव सुरू होऊ शकतो. म्हणून ताप गेला तरी लक्ष ठेवावे लागते. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील अनेक मुलांना ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधानंतर मूत्रपिंडे निकामी झाल्याने नागपुरात हलवावे लागले. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष आढळले. लघवी थांबणे ही त्यातील महत्त्वाची खूण होती. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असा केंद्रीय आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत : झटके येत असल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये. शुद्धीवर असलेल्या मुलास अंगावरचे दूध किंवा जलसंजीवनी थोडी थोडी देत राहावी. पोटफुगीवर चटके देण्याची ‘डंबा’ ही मेळघाटातील प्रथा बाळाच्या जिवावर बेतू शकते. आधी दिलेल्या औषधाची बाटली वा गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे. नागपुरात मेडिकल, मेयो व एम्स ही मोठी शासकीय रुग्णालये आहेत. राज्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.