किकरीचे वतन

मनाच्या व्याधीला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र दवाखाना लाभण्यापूर्वी माणसाने आपल्या दुःखाची तजवीज कशी केली होती, हे पाहावयाचे असेल तर पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादच्या डोंगराळ मुलखाकडे वळावे. कारण तेथील राजगोंडांनी शोकाच्या प्रसंगी गाण्याचे काम परधान नावाच्या जमातीकडे पिढीजात सोपवून दिले होते.

परधानाच्या हाती किकरी, म्हणजे घोड्याच्या केसांच्या गजाने वाजवावयाचे तीन तारांचे वाद्य. त्याची घरची बोली मराठी. पण यजमानाच्या दारी किकरी लागली की त्याच्या मुखी गोंडी येई. चारदेवे, पाचदेवे, सहादेवे आणि सातदेवे अशा सगांत, म्हणजे कुलसमूहांत, विभागलेल्या गोंडांच्या कुलकथा त्याला मुखोद्गत असत. यजमानाच्या घरी मृत्यू झाला, म्हणजे मृताला पूर्वजांच्या आणि पेर्सा पेन या कुलदैवताच्या मेळ्यात पोचविण्याचा अधिकार त्याचा, आणि मृताची वस्त्रे घेण्याचा हक्कही त्याचाच.

दुःखिताने आपले दुःख स्वतःच कलेतून व्यक्त करावे, अशी आपली आजची समजूत आहे. येथील व्यवस्था मात्र निराळी: ज्याचा माणूस गेला त्याने फक्त ऐकावे, गावे ते दुसऱ्याने, आणि तेही कालच्या मृत्यूपासून नव्हे, तर कुळाच्या आरंभापासून, म्हणजे गेलेला माणूस त्या लांबलचक कथेच्या शेवटी आपसूक आपल्या जागी जाऊन बसे.

जसा शोकाला, तसा उन्मादालाही येथे मोसम नेमून दिलेला होता. आश्विन पौर्णिमेच्या सुमारास दंडारी या नाचाची पथके गावोगाव निघत आणि त्यांत मोरपिसांचा भरघोस टोप घालून, अंगाला राख फासून गुसाडी नाचत. त्या दिवसांत गुसाडी स्नान करीत नसे. त्याच्या अंगी देव आहे असे मानून रोगी त्याच्या काठीच्या स्पर्शाची आशा धरीत, आणि त्याच्या विदूषकी चाळ्यांना सारे गाव हसे. रोग बरा होवो न होवो, एरवी वेडाचार ठरले असते असे वर्तन ठराविक दिवसांपुरते पूज्य होई आणि दिवाळीनंतर तोच मनुष्य पुन्हा नांगराला हात घाली.

ही घडी विस्कटली ती मात्र मनाच्या दोषाने नव्हे. निजामाच्या जंगलखात्याने राखीव रानाच्या हद्दी आखल्या, गोंडांची शेते त्यांत गेली, आणि त्या असंतोषातून उठलेल्या कुमराम भीम या गोंड पुढाऱ्याचा १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात अंत झाला. त्यानंतर तेथे आलेल्या हायमेंडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने गोंडांना जमिनीचे पट्टे मिळू लागले आणि मार्लवाई या गावी शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. परंतु यजमानाचे शेत गेले तेव्हा परधानाचा हक्कही बुडाला होता. ज्याच्या कोठीत दाणा नाही, तो गाणाऱ्याला बिदागी कोठून देणार?

भीमाची पुण्यतिथी आश्विन पौर्णिमेलाच पाळली जाते. म्हणजे शोक आणि दंडार आजही एकाच चांदण्यात येतात. त्याच मार्लवाईचे गुसाडीगुरू कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, ऐन दंडारीच्या दिवसांत, ते निवर्तले. नाचाला सनद मिळाली, हे योग्यच झाले. किकरीला मात्र सनदेआधी यजमान हवा, आणि यजमानाला शेत.